बासष्टावा कोसा

वच्छलाबाईंनी मला पाणी दिलं, घर दिलं, हाताला काम दिलं आणि मराठीत भांडायला शिकवलं. हे आधीच लिहून ठेवते. पुढचं लिहिताना मी अर्ध्यातच थांबले, तर निदान एवढं तरी कागदावर असावं.

मी सिरोंच्याकडची. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि शाळा पाचवीतच सुटली. नवरा लाकडाच्या ट्रकवर होता. गडचिरोली जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. जिल्ह्याच्या कामाला निघाले की लोक अजून ‘चांद्याला जातो’ असंच म्हणायचे. नवऱ्यानं मला आरमोरीला आणलं, एसटी स्टँडवर ट्रंकेपाशी बसवलं आणि ‘खोली पाहून येतो’ म्हणून गेला. सकाळची दुपार झाली. मी जागची हलले नाही. हलले तर तो मला शोधणार कसा, असं वाटत होतं. एवढी मी खुळी होते.

तिसऱ्या प्रहरी एक बाई येऊन समोर उभी राहिली. उंच, हाडापेरानं मजबूत, डोक्यावर टोपली.

“सकाळी मी बाजारात गेली तवा तू इथीच होती. मंगापासून सात गाड्या गेल्या. कोणाची वाट पाहून राह्यली वं? नवरा का भाऊ?”

“नवरा.”

“मंग नाई येत. भाऊ असता त आला असता.”

मला आधी हसू आलं, मग रडू. त्यांनी रडू दिलं. रडणं आटपल्यावर माझी ट्रंक उचलून टोपलीवर ठेवली आणि चालायला लागल्या. ट्रंकेमागं मीही निघाले. गाव तीन मैल होतं. वाटेत त्या मोठ्यानं काहीतरी मोजत होत्या. नंतर कळलं, त्या विजेचे खांब मोजत होत्या. गावात वीज येऊन दोन वर्षं झाली होती आणि खांब रोज तेवढेच भरायचे, तरी त्या मोजायच्या. “मोजल्याबिगर बोलू नये,” असं म्हणायच्या. भाकरी मोजायच्या, बकऱ्या मोजायच्या, कोणाच्या लग्नाला गेल्या तर पंगती मोजून यायच्या. आणि नंतर कोणी “हजार माणूस जेवलं” म्हणालं की म्हणायच्या, “दोनशे चाळीस. त्यात तू दोनदा बसला.”

घरी पोचल्यावर दारातच मी सांगितलं, “आम्ही बौद्ध आहोत.” आधी सांगून टाकायची मला सवय होती. नंतर कोणी आपण प्यालेला पाण्याचा गडवा आपल्यासमोर विसळायला घेण्यापेक्षा ते बरं.

“मंग काय, पाणी नाकानं पेता का?” वच्छलाबाई म्हणाल्या आणि माठाकडं वळत आत ओरडल्या, “आयकलं का वं? पावनी आणली. भात वाढव.”

आत चुलीपाशी एक बुटकी, सावळी बाई बिडी ओढत बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, ट्रंकेकडं पाहिलं आणि म्हणाली, “याच वर्षातली ही तिसरी. एक कुत्री, एक बकरी, आन हे.”

ही गिरजाबाई. वच्छलाबाई कोष्ट्याच्या, नवरा मेलेल्या. गिरजाबाई ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, सासर सोडून आलेल्या. अकरा वर्षांपासून दोघी एका घरात राहत होत्या. घरात बाज एकच होती. वच्छलाबाईंच्या डाव्या हातावर गिरजाबाईंचं नाव गोंदलेलं, गिरजाबाईंच्या उजव्या हातावर वच्छलाबाईंचं. गावाला हे सगळं ठाऊक होतं आणि गाव त्यावर विनोद करून मोकळं व्हायचं. एकदा पाण्यावर एका बाईनं विचारलं, “काऊन वं वच्छला, तुमच्यात नवरा कोन?”

“जे आधी उठून पाणी भरते, ते,” वच्छलाबाई म्हणाल्या. “आज मी आहो. तुह्या घरी कोन भरते? मंग नवरा कोन झाला?”

बाया हसल्या. हसणं होतं तोवर सगळं बरं चाललं होतं.

त्या गावात बायांची कोशाची सोसायटी होती. कोसा म्हणजे रानातल्या रेशमाच्या अळीनं स्वतःभोवती विणलेलं घर. ऐनाच्या झाडावर ढिवर लोक अळ्या पाळतात, कोसे उतरवतात, बाया त्यांचा धागा काढतात. भरलेला कोसा असेल तर आतला जीव आतच असतो, धागा अखंड निघतो. फुलपाखरू भोक पाडून उडून गेलं की राहतो तो फुटका कोसा. त्याचा धागा तुटका, टकळीवर कातावा लागतो, मजुरीही कमी. सोसायटीत भरलेले कोसे कोष्ट्याच्या आणि कुणब्याच्या बायांना मिळायचे, फुटके आमच्या बौद्ध वस्तीतल्या नऊ बायांना. असा नियम कोणी केला नव्हता. पण तसंच चालायचं.

वच्छलाबाईंनी मला भरल्या कोशाचं काम आपल्या ओसरीत शिकवलं. डाव्या मांडीवरून लुगडं सारून बसायचं आणि उकडलेल्या कोशांचे धागे मांडीवर एकत्र वळायचे. त्यांची मांडी काचेसारखी गुळगुळीत झाली होती. प्रत्येक कोसा आधी अंगठ्यानं दाबायच्या, कानाशी हलवायच्या, आणि आतल्या किड्याला म्हणायच्या, “माफ कर बापा.” पोराचा ताप, कोणाचं लुगडं, दुकानदाराची तूरडाळ, सगळं त्या अंगठ्यानंच तपासायच्या. माझ्या गालावरूनही एकदा अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “आता ओलं नाई लागून राह्यलं. आता तू वस्तीत खोली घे. तुह्या लोकाइत राह्य. नाईतर उद्या म्हणतीन, वच्छलीनं पोरगी बाटवली.”

मी वस्तीत गेले. चंद्रभागाबाईंनी, म्हणजे वस्तीतल्या सगळ्यांत जाणत्या बाईंनी, मला शेजारची खोली दिली आणि सोसायटीत सभासद करून घेतलं. पण दुपारी मी वच्छलाबाईंच्या ओसरीतच असायची.

मग घरांचं निघालं. सोसायटीनं सभासद बायांसाठी दोन-दोन खोल्यांची दहा घरं बांधली. एका कुटुंबाला एक घर, आणि अर्जावर ज्यांची नावं त्यांनीच तिथं राहायचं. वच्छलाबाईंना घराची निकड होती. त्या राहत होत्या ते घर दिराचं. दिराच्या पोराचं लग्न ठरलं होतं आणि त्यानं पेरणीच्या आधी घर रिकामं मागितलं होतं.

अर्ज मी लिहिला, कारण पाचवी का होईना, अक्षर माझं होतं. नाव लिहिलं, वय लिहिलं. ‘सोबत राहणाऱ्याचे नाव’ इथं गिरजाबाईंचं नाव लिहिलं. पुढचा रकाना होता ‘नाते’.

“बहीण लिहू?” मी विचारलं.

“बहीण होती मले एक. तिले मी जाळून आली,” वच्छलाबाई म्हणाल्या. “हे बहीण नाई.”

“मग काय लिहू?”

“मानसं काय सांगते बायकोले? ‘माही घरची’. तेच लिही. घरची.”

गिरजाबाई चुलीजवळून म्हणाल्या, “बहीण लिही वं पोरी. हे त पागल आहे.”

“अकरा साल झाले,” वच्छलाबाई म्हणाल्या. “दीर इचारते कोन व्हय हे, तलाठी इचारते कोन व्हय हे. उद्या मी मेली त कोन म्हनून राह्यशीन तू? लिही वं.”

मी लिहिलं. माझ्या अक्षरात. पुष्कळदा वाटतं, तेव्हा मी ऐकायला चुकले असते, शाई सांडली असती, काहीही झालं असतं तर बरं.

सोसायटीचे सेक्रेटरीबाबू चांगला माणूस. वच्छलाबाईंच्या हातचा अंबिलीचा टोप त्यांच्या घरी जायचा. अर्ज वाचून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “बाई, मले कायले अडचणीत टाकून राह्यल्या? बहीण लिहा. मी डोळे झाकून सही करतो.”

“डोळे उघडून करा,” वच्छलाबाई म्हणाल्या.

अर्ज पडून राहिला. हळूहळू निघालंही असतं काहीतरी. पण त्या वर्षी कोशाचं पीक गेलं. झाडांवर अळ्या डोकं खाली करून लटकल्या आणि काळ्या पडून फुटल्या. रोग होता, असा रोग आधीही आला होता. पण अळ्या पाळण्याचं काम फार सोवळ्याचं. ढिवर तेवढे दिवस रानात झोपडी करून राहतो, बायकोजवळ जात नाही, डोक्याला तेल लावत नाही, बाईची सावली झाडावर पडू देत नाही. आणि गिरजाबाई बाप मेल्यापासून बापाची झाडं स्वतः राखायच्या. चार वर्षं राखल्या, चारही वर्षं पीक आलं, तेव्हा कोणी काही बोललं नाही.

पौषात गावात सप्ताह बसला. बाहेरून एक महाराज आले होते. मी त्यांना वाईट म्हणणार नाही, म्हणता येत नाही. आवाज मऊ, कोणावर ओरडले नाहीत. प्रवचन मंडपात चालायचं आणि भोंगा पिंपळावर बांधलेला. आम्हाला मंडपात बोलावणं नव्हतं. आम्ही वस्तीत भांडी घासत ऐकायचो. पाचव्या दिवशी महाराज म्हणाले की अळीसारखा मुका जीवसुद्धा सोवळं ओळखतो. देवानं जोडी लावून दिली आहे, ती मोडली की आधी झाड सुकतं, मग घर. “मी कोणाचं नाव घेत नाही माउली. तुम्ही फक्त आपल्या देवाला विचारा. तो सांगेल तसं करा.”

चंद्रभागाबाईंच्या हातातला तवा थांबला. “गेली वच्छला,” त्या म्हणाल्या.

माघात सभा भरली. बासष्ट सभासद. वच्छलाबाईंच्या अर्जावर मत घ्यायचं ठरलं. बहुतेक बायांना अक्षर नाही, म्हणून सेक्रेटरीबाबूंनी जुनीच रीत काढली. प्रत्येकीला दोन कोसे द्यायचे, एक भरलेला, एक फुटका. घर द्यावं असं ज्यांना वाटतं त्यांनी पदराआडून भरलेला कोसा मडक्यात टाकायचा, नको त्यांनी फुटका. उरलेला दारातल्या शेगडीत टाकून जाळायचा, म्हणजे कोणी कोणाचा पाहायला नको. पीक गेल्यामुळे वाळवलेले भरले कोसे शिल्लक नव्हते. बियाण्याला ठेवलेले वाटले, आत जिवंत जीव असलेले.

जायच्या आधी वस्तीत आम्ही नऊ जणी बसलो होतो. एक म्हणाली, वच्छलाबाईंनी आपल्या पोरीला सांभाळलं, भरलेलाच टाकू. दुसरी म्हणाली, उद्या रोग पुन्हा आला तर? चंद्रभागाबाईंनी आधी टकळी गुंडाळून ठेवली. मग म्हणाल्या, “टाकायचा तो टाका. कोनताबी टाकला तरी नाव आपलंच येईन.”

मी ओळीत उभी होते. माझ्या एका मुठीत दोन्ही कोसे. भरलेला जड, जरा गार. माझ्यापुढं वीस-पंचवीस बाया, आणि प्रत्येक बाई मडक्यापाशी पोचायच्या आधी देवाला विचारावं तसा एक हात कपाळाला लावत होती. शेगडीतून जळक्या केसांसारखा वास येत होता; कोसा जळला की तसाच वास येतो. मला एवढंच ठाऊक आहे की मला त्या मडक्यात भरलेला टाकायचा होता. आणि हेही ठाऊक आहे की मला वाटलं, माझ्यावर लक्ष आहे, माझ्या कोशावर खूण केलेली आहे, उद्या मला पुन्हा ट्रंक घेऊन स्टँडवर बसावं लागेल. मी पदराआड दोन्ही कोसे कमरेला खोचले आणि हात मडक्यात घातला. हात रिकामा बाहेर काढला. शेगडीवरून तसाच फिरवला. दोन्ही कोसे माझ्या कमरेला.

मडकं पालथं केलं तेव्हा मोजायला वच्छलाबाईच पुढं झाल्या. कोणी अडवलं नाही. मोजावं तर त्यांनीच. भरलेले वीस. फुटके एकेचाळीस.

खरं सांगते, बायांचे चेहरे पडले होते. त्यांनाही वाटत नव्हतं इतकं होईल. प्रत्येकीला वाटलं असावं, आपला एक, त्यानं काय होतं. मग मागून एक आवाज आला, “आम्ही त भरलेलाच टाकला बापा.” दुसरी म्हणाली, “आमीबी.” सेक्रेटरीबाबूंनी सुस्कारा सोडला. त्यांच्या तोंडून निघालं, “फुटके कोसे कोनाच्या घरी असते, हे काय सांगावं लागते?”

सगळ्या आमच्याकडं वळल्या.

आताच दोन-दोन कोसे सगळ्यांच्या हाती दिले होते, सेक्रेटरीबाबूंनीच दिले होते. पण वर्षानुवर्षं फुटका कोसा म्हणजे आमची वस्ती, भरलेला म्हणजे त्यांची, हे डोळ्यांना इतकं सवयीचं होतं की दहा मिनिटांपूर्वीचं कोणाला आठवेना. “जिनं पाणी पाजलं तिचाच घात केला,” एकजण माझ्याकडं पाहून म्हणाली. तिचं लग्न वच्छलाबाईंनी जमवलेलं होतं.

“थांबा,” वच्छलाबाई म्हणाल्या. त्या अजून कोशांपाशी खालीच बसल्या होत्या. “वस्तीच्या बाया किती?”

मग त्यांनीच उत्तर दिलं.

“नऊ. नवाइचे नऊबी फुटके धरा. एकेचाळिसातून नऊ गेले, बत्तीस राह्यले.” त्यांनी नऊ कोसे बाजूला सारले आणि उरलेल्या ढिगावर हात ठेवला. “हे बत्तीस कोनाचे?”

जवळच्या बाया पदर सावरत दोन पावलं मागं सरकल्या.

“सांगा ना वं. मी कोनावर राग नाई धरत. फक्त सांगा. हे बत्तीस कोनाचे?”

मग कोणीतरी म्हणालं, “नऊ असो का नव्वद, बदमाशी ते बदमाशीच,” आणि सभा उठली. जाताना दोघी-तिघींनी वच्छलाबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. “काय करावं बाई, थ्या लोकाइनं घात केला.” असं म्हणत त्या रडल्यासुद्धा, आणि रडणं खोटं नव्हतं. बत्तिसांतल्या किती रडल्या, ते मी मोजलं नाही.

त्यानंतर दोन महिने वस्तीला फुटके कोसेही मिळाले नाहीत. सेक्रेटरीबाबू म्हणायचे, “वातावरण जरा शांत होऊ द्या.” चंद्रभागाबाई टकळी घेऊन रिकामीच फिरवत बसायच्या. वच्छलाबाई दर सोमवारी सोसायटीत जायच्या, दारात उभ्या राहून विचारायच्या, “बत्तीस?” आणि परत यायच्या. आधी लोक मान खाली घालायचे, मग हसायला लागले. शेवटी शेवटी पोरं त्यांना पाहिलं की ओरडायची, “बत्तीस आली, बत्तीस!” त्या पोरांनाही मोजायच्या. “आज सात. काल नऊ होते. दोघं कुठी गेले रे?”

गिरजाबाई मात्र खचल्या. बिड्या वाढल्या, रानात जाणं बंद झालं. एकदा म्हणाल्या, “बहीण लिहिलं असतं त?” वच्छलाबाईंनी त्यांच्या हाताचं गोंदण अंगठ्यानं चोळलं आणि पाणी भरायला उठल्या. मला सगळं दिसत होतं आणि मी काही करू शकत नव्हते. माझे दोन्ही कोसे पत्र्याच्या डबीत, ट्रंकेच्या तळाशी. सांगावं तर वस्ती म्हणेल, आमच्यातलीच फिरली. गाव म्हणेल, पाहा, म्हणत नव्हतो? दोन्ही तोंडांनी नाव आमचंच येणार होतं.

ज्येष्ठात दोघींनी घर सोडलं. गिरजाबाईंची एक मावशी सिरोंच्याकडं नदीवर मासे धरायची, तिच्याकडं निघाल्या. माझ्या मुलखात. मी त्यांच्या गावात राहणार आणि त्या माझ्या.

त्या सकाळी मी ट्रंक उघडली. म्हटलं, आज तरी कबूल करावं, भरलेला कोसा त्यांच्या हातात ठेवावा. डबी उघडली तर आतून फडफड झाली. तळहाताएवढं पिवळसर फुलपाखरू, पंख डबीत वाकडे झालेले. बियाण्याचा कोसा होता तो, त्याचा वेळ भरला होता. आता डबीत दोन कोसे होते आणि दोन्ही फुटके.

आरमोरीच्या स्टँडवर, मी बसले होते त्याच जागी, त्या दोघी बसल्या होत्या. टोपलीवर गाठोडं. पोचवायला आम्ही वस्तीतल्या चौघी, बाकी कोणी नाही. मी वच्छलाबाईंना बाजूला नेलं आणि दोन्ही कोसे त्यांच्या हातात दिले.

त्यांनी एकेकावरून अंगठा फिरवला. दुसऱ्याच्या भोकाशी अंगठा थांबला. ते अजून ओलसर होतं.

“हा भरलेला होता,” त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

“वीस आन एकेचाळीस, एकसष्ट,” त्या म्हणाल्या. “बासष्ट पाह्यजे होते. मले त्याच दिवशी समजलं, एक कोनाच्या तरी कमरेले आहे. तुह्याकडं पाह्यलं, तू पदर धरून उभी होती.”

“मग बोलल्या काऊन नाही?”

“बोलली असती त तुले नोचून खाल्लं असतं त्याइनं. पोरी, मी बत्तिसाइचा जबाब मागून राह्यली होती. तुहा नाई.”

त्या मला जवळ घेतील असं वाटलं होतं. घेतलं नाही. ओला कोसा त्यांनी पदराच्या टोकात बांधला, दुसरा मला परत दिला. गाडी लागली. “चाल वं घरचे,” त्या मोठ्यानं म्हणाल्या, कंडक्टरनं वळून पाहावं इतक्या मोठ्यानं. गिरजाबाईंनी बिडी विझवली आणि पुढं झाल्या. वच्छलाबाई खिडकीशी बसल्या. गाडी हलली तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. मला काही सांगत असतील म्हणून मी गाडीबरोबर चार पावलं पळाले. त्या माझ्याकडं पाहतच नव्हत्या. गाडीतली माणसं मोजत होत्या.

मी अजून याच गावात आहे, अजून कोसा कातते. नंतर सोसायटीत कैक वेळा मडकं फिरलं. वच्छलाबाई, तुमचं एक मत माझ्याकडं राहिलं आहे. ज्या दिवशी तुमच्यासारख्या कोणाच्या घराचा अर्ज पुन्हा त्या मडक्यापाशी येईल, त्या दिवशी ते मी टाकीन. पदराआडून नाही. मूठ उघडून, सगळ्यांना दाखवून टाकीन.